वल्हे धरलेला गंगापुरुष : रोममधील ‘चार नद्यांचे कारंजे’ आणि त्याची प्रतीकव्यवस्था

रोममधील पियाझ्झा नावोना या चौकाच्या मध्यभागी जान लोरेन्झो बेर्नीनी (१५९८-१६८०) याने उभारलेल्या ‘चार नद्यांच्या कारंज्या’विषयी युरोपीय कलासमीक्षेत विपुल लेखन झाले आहे. नाईलच्या मस्तकावरील वस्त्र, प्लाताचा उंचावलेला हात आणि पोकळ खडकावर तोललेला ऑबेलिस्क या तीन गोष्टींभोवती त्यातील बरीच चर्चा फिरते. चौथ्या अंगाला बसलेल्या गंगेच्या वाट्याला सहसा दोन वाक्ये येतात : ही आशिया खंडाची प्रतिनिधी आहे, आणि तिच्या हातातील वल्हे हे नदीतून नौका चालतात याचे चिन्ह आहे. एवढे सांगून समीक्षक पुढच्या मूर्तीकडे वळतात. भारतीय अभ्यासकाला इतक्यावर थांबता येत नाही. मुळात ‘ही’ आणि ‘तिच्या’ ही सर्वनामेच येथे लागू पडत नाहीत, कारण संगमरवरात कोरलेली ही गंगा म्हणजे लांब दाढीचा, पिळदार अंगाचा एक पुरुष आहे. या मूर्तीचे वर्णन मराठीत करू जाता पहिल्याच वाक्यात भाषा अडखळते. हे अडखळणे केवळ व्याकरणाचे आहे की कारंज्याच्या एकूण प्रतीकव्यवस्थेत ते कोठे तरी खोल रुतलेले आहे, हा खरा प्रश्न होय.

पियाझ्झा नावोनाचा लांबट, एका टोकाला गोलाई असलेला आकार हा सम्राट दोमिशियन याने पहिल्या शतकात बांधलेल्या क्रीडांगणाचा अवशेष आहे. प्रेक्षकांच्या पायऱ्यांच्या जागी पुढे घरे उभी राहिली आणि मधले मैदान चौक म्हणून उरले. याच चौकात पाम्फीली घराण्याचा वाडा होता. त्या घराण्यातील जोव्हान्नी बात्तिस्ता पाम्फीली हा १६४४ मध्ये दहावा इनोसंट या नावाने पोप झाला, आणि घराण्याच्या अंगणाला दरबाराची कळा आणण्याचे काम सुरू झाले. रोमबाहेर आप्पिया मार्गावर, सम्राट माक्सेन्शिअसच्या रथशर्यतींच्या मैदानात, एक ऑबेलिस्क, म्हणजे वर निमुळता होत जाणारा चौकोनी पाषाणस्तंभ, तुकडे होऊन पडला होता. तो जोडून चौकात उभा करावा आणि त्याच्या पायाशी कारंजे करावे, असे ठरले.

या ऑबेलिस्कखाली जगातील चार नद्या दाखवाव्यात ही कल्पना मुळात बेर्नीनीची नव्हे, ती फ्रान्चेस्को बोर्रोमीनीची. चौकात जादा पाणी आणण्याच्या योजनेतही बोर्रोमीनीचा हात होता. बेर्नीनी त्या वेळी मर्जीतून उतरलेला होता. आधीचा पोप आठवा अर्बन याचा तो लाडका कलावंत, आणि नव्या पोपला त्या राजवटीचे काहीच नको होते. त्यातच संत पीटरच्या चर्चसाठी बेर्नीनीने बांधायला घेतलेल्या घंटामनोऱ्यामुळे भिंतींना तडे गेले आणि तो मनोरा १६४६ मध्ये उतरवावा लागला. अशा स्थितीत, पोपच्या नात्यातील एका सरदाराने बेर्नीनीकडून कारंज्याचा नमुना करवून घेतला, तो पोपच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर ठेवला, आणि तो पाहताच पोपचे मन पालटले, अशी कथा बेर्नीनीच्या चरित्रांत येते. या चरित्रकारांपैकी एक त्याचा मुलगाच होता, हे ध्यानात ठेवून कथेचे मोल करावे. काम १६४८ मध्ये सुरू झाले आणि १२ जून १६५१ रोजी कारंजे लोकांसाठी खुले झाले.

कारंज्याच्या रचनेचा विचार पाण्यापासून सुरू करणे इष्ट. चौकाला मिळणारे पाणी ‘आक्वा व्हेर्जिने’चे. आग्रिप्पाने इसवी सनापूर्वी १९ मध्ये बांधलेल्या आणि सोळाव्या शतकात दुरुस्त झालेल्या या जलवाहिनीच्या पाण्याला दाब कमी. त्याच्या जोरावर उंच फवारे उडवणे शक्य नव्हते. याच पाण्यावर काही वर्षांपूर्वी उभारलेल्या ‘बार्काच्चा’ या कारंज्यात बेर्नीनी पितापुत्रांनी अर्धवट बुडालेल्या होडीचा आकार योजून कमी दाबाची अडचण सोडवली होती. तेथे पाणी जमिनीलगत झिरपत राहते. नावोनात बेर्नीनीने उलट मार्ग धरला : उंचीचे सारे काम दगडावर सोपवले आणि पाण्याला फक्त खाली पडण्याचे काम दिले. येथे चढणारा आहे तो पाषाण, आणि उतरणारे आहे ते पाणी. कारंजे या शब्दाने जी अपेक्षा निर्माण होते तिच्या नेमके विरुद्ध असे हे शिल्प आहे. पाण्याचा दाब वाढवता आला असता तर कदाचित हे शिल्प असे घडलेच नसते.

दगडातही दोन जाती एकमेकींसमोर उभ्या केलेल्या आहेत. मूर्ती घोटीव पांढऱ्या संगमरवराच्या, तर त्या ज्यावर रेलून बसल्या आहेत तो खडक सच्छिद्र, खडबडीत ट्रॅव्हर्टिनचा. या खडकाला चारही अंगांनी कोरून आरपार गुहा केली आहे, आणि त्या पोकळीच्या नेमक्या वर सुमारे साडेसोळा मीटर उंचीचा ग्रॅनाइटचा स्तंभ उभा आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस पाचव्या सिक्स्टस पोपने रोममध्ये जे ऑबेलिस्क पुन्हा उभारले, ते सगळे भरीव चौथऱ्यांवर आहेत. चौथरा हा स्तंभाचा आधार आणि अधिकारही. बेर्नीनीने तो आधार डोळ्यांदेखत काढून घेतला. वजन अर्थातच खडकाच्या चार पायांतून खाली उतरते, परंतु पाहणाऱ्याच्या नजरेला स्तंभाखाली हवा आणि पलीकडची घरे दिसतात. हा भार कोसळेल अशी भीती त्या काळी लोक बोलून दाखवत. त्यावर बेर्नीनीने ऑबेलिस्कला चार सुतळ्या बांधून त्या शेजारच्या घरांना अडकवल्या आणि आता चिंता नाही असे सांगून तो निघून गेला, असा एक विनोदी किस्साही प्रचलित आहे. खरा असो वा रचलेला, त्यातून या रचनेतील धाडस समकालीनांना उमगले होते एवढे निश्चित दिसते.

गुहेत शिरलेल्या प्राण्यांची योजनाही अशीच विचारपूर्वक आहे. एका बाजूने पाणी प्यायला वाकलेला सिंह दिसतो, वळसा घातला की त्याच सिंहाची पाठ दिसते. घोड्याचेही तसेच. वाऱ्याने झुकलेला ताड खडकाला बिलगून वर चढतो. कोणत्याही एका जागी उभे राहून हे शिल्प पुरे पाहता येत नाही, त्याला प्रदक्षिणाच घालावी लागते. या अर्थाने ते भारतीय मंदिराच्या बाह्यांगाशी नाते सांगते, आणि तरीही एक फरक राहतो. प्रदक्षिणेत मधोमध गाभारा असतो. येथे मधोमध मोकळी जागा आहे. बेर्नीनीच्या या कृतीतील सर्वांत मोठे यश हेच होय, आणि गंमत अशी की कारंज्याच्या अधिकृत अर्थाशी या यशाचा फारसा संबंध नाही.

तो अधिकृत अर्थ ऑबेलिस्कपासून सुरू होतो. येशूसंघाचा विद्वान धर्मगुरू अथानासिअस किर्खर याच्याकडे या स्तंभावरील चित्रलिपीचे काम होते. १६५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ओबेलिस्कुस पाम्फीलिउस’ या ग्रंथात त्याने तिचा अर्थ लावला. इजिप्तच्या प्राचीन पुरोहितांना सृष्टीच्या गूढाचे ज्ञान होते, ते त्यांनी चिन्हांत दडवले, आणि त्या ज्ञानात ख्रिस्ती सत्याची चाहूल आहे, अशी त्याची धारणा. स्तंभ म्हणजे सूर्याचा दगडी किरण ही कल्पना तर रोमन लेखक प्लिनीपासून चालत आलेली. हा किरण आकाशातून उतरतो, खडकाला भिडतो, आणि खडकातून चार दिशांना नद्या निघतात. स्तंभाच्या टोकावर चोचीत ऑलिव्हची डहाळी धरलेले कबुतर आहे. ते पवित्र आत्म्याचे चिन्ह, तसेच पाम्फीली घराण्याचेही. दैवी कृपा आणि घराण्याची मुद्रा एकाच पक्ष्यात बसवण्याची ही युक्ती बरोक काळाला साजेशीच.

किर्खरचे वाचन मात्र पूर्णतः काल्पनिक होते. शांपोलियाँने १८२२ मध्ये चित्रलिपीची उकल केल्यानंतर स्पष्ट झाले ते असे की, या स्तंभावर कसलेही गूढज्ञान नाही. तो दोमिशियनच्याच काळातला असून त्याच्यावर फारोच्या थाटात त्या सम्राटाची स्तुती कोरलेली आहे. ज्या चौकाचा आकार दोमिशियनच्या क्रीडांगणाने ठरवला, त्याच चौकात त्याचीच प्रशस्ती, ती कोणालाही वाचता येत नसताना, ईश्वरी प्रकाशाचे प्रतीक म्हणून उभी राहिली. या ठिकाणी किर्खरच्या आणखी एका मताची नोंद करणे अगत्याचे आहे. भारतासह पूर्वेकडील मूर्तिपूजा ही इजिप्तमधून पसरली असे तो मानीत असे. ते मत ग्राह्य धरले तर इजिप्शियन स्तंभाच्या पायथ्याशी बसवलेली गंगा ही केवळ एका खंडाची प्रतिनिधी राहत नाही. ती मूळ ज्ञानापासून दुरावलेली, आणि म्हणून त्या ज्ञानाच्या छायेत परत आणून बसवण्याजोगी, अशी एक शाखा ठरते.

चार नद्यांचे चार पुरुष या खडकावर वेगवेगळ्या आविर्भावांत रेलले आहेत. आराखडा बेर्नीनीचा, पण प्रत्यक्ष कोरीव काम चौघांचे : डॅन्यूब आंतोनियो राज्जीची, नाईल जाकोमो आंतोनियो फान्चेल्लीची, रिओ दे ला प्लाता फ्रान्चेस्को बाराट्टाची आणि गंगा क्लोद पूसँ या फ्रेंच शिल्पकाराची. (सुप्रसिद्ध चित्रकार निकोला पूसँ तो हा नव्हे.) युरोपची डॅन्यूब पोपच्या मुद्रेकडे वळून तिला हात लावते. आफ्रिकेची नाईल डोक्यावर वस्त्र ओढून घेते. प्लाता हात वर करून, जणू डोळे दिपून, मागे सरते. तिच्यापाशी नाण्यांची रास आहे, कारण प्लाता या नावातच चांदी आहे. काही अभ्यासक या आविर्भावांत श्रद्धेच्या चार पायऱ्या पाहतात : स्वीकार, अज्ञान, विस्मय, आणि गंगेच्या ठायी उदासीनता. गंगापुरुषाने पाठीमागच्या प्रकाशाची दखल घेतलेली नाही. तो वल्हे हाती घेऊन स्वस्थपणे दुसरीकडे पाहतो.

नाईलच्या वस्त्राबाबत एक लोककथा सर्वतोमुखी आहे : समोरच्या संत आन्येझेच्या चर्चचा बोर्रोमीनीने घडवलेला दर्शनी भाग पाहवत नाही म्हणून नाईल तोंड झाकते, आणि तो अंगावर कोसळेल म्हणून प्लाता हात उचलते. ही कथा कालक्रमात बसत नाही. त्या चर्चचे काम १६५२ मध्ये सुरू झाले आणि बोर्रोमीनीकडे ते १६५३ मध्ये आले, म्हणजे कारंजे पुरे झाल्यावर. वस्त्राचे ग्राह्य स्पष्टीकरण वेगळे आहे : नाईलचा उगम अज्ञात, म्हणून तिचे मस्तक झाकलेले. मात्र येथेही एक पेच आहे. येशूसंघाचा पेद्रो पाएझ १६१८ मध्येच निळ्या नाईलच्या उगमापाशी पोहोचला होता, आणि त्याचा वृत्तांत युरोपभर नेला तो किर्खरच्याच ग्रंथांनी. झाकलेले मस्तक हे ज्ञानाच्या अभावाचे चिन्ह नसून अभिजात रोमन काव्यातून चालत आलेल्या संकेताचे चिन्ह आहे. ज्ञान बदलले तरी संकेत हलला नाही.

गंगेच्या बाबतीत हा मुद्दा अधिक तीव्र होतो. नाईलला निदान सिंह, ताड आणि वस्त्र मिळाले. प्लाताला नाणी मिळाली, आणि आर्माडिलोसारखा एक विचित्र प्राणी मिळाला. तो प्राणी घडवणाऱ्याने प्रत्यक्ष पाहिलेला नसावा हे त्याच्या रूपावरून कळते, पण निदान तिकडच्या सृष्टीचे काहीतरी दाखवण्याची इच्छा त्यात आहे. डॅन्यूबला घोडा मिळाला. गंगेला मिळाले ते केवळ वल्हे. आणि हे वल्हेही गंगेचे नव्हे. सोळाव्या शतकाच्या आरंभी रोममध्ये सापडलेली आणि आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात असलेली तायबर नदीची प्राचीन मूर्ती पाहावी : दाढीधारी, रेललेला पुरुष, आणि त्याच्या हातात वल्हे. रोमच्या स्वतःच्या नदीचे चिन्ह उचलून गंगेच्या हाती देण्यात आले आहे. चार मूर्तींपैकी ही एकच अशी आहे की जिच्या अंगावर तिच्या भूमीचे काहीही नाही.

माहितीच उपलब्ध नव्हती असे म्हणावे तर तेही टिकत नाही. येशूसंघाचाच अंतोनियो दे आंद्रादे १६२४ मध्ये आग्र्याहून गढवालमार्गे, बद्रीनाथवरून तिबेटात गेला होता आणि त्याचा वृत्तांत १६२६ मध्ये लिस्बनला छापला गेला होता. त्याआधीची गोष्ट तर मराठीच्या अभ्यासकांना परिचितच आहे. त्याच संघाचा इंग्रज धर्मगुरू थॉमस स्टीफन्स याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातील राचोल येथे छापले गेले. बायबलमधील कथा सांगण्यासाठी त्याने मराठी ओवी स्वीकारली, पुराणाची चौकट स्वीकारली, स्वर्गासाठी वैकुंठ हा शब्द स्वीकारला. हेतू धर्मप्रसाराचाच होता, त्याबद्दल भाबडेपणा नको. पण तो साधताना ज्यांच्याशी बोलायचे त्यांची प्रतिमासृष्टी आत्मसात करण्याची गरज स्टीफन्सला भासली. रोममधल्या कारंज्याला ती भासली नाही, कारण ते गंगेकाठच्या माणसांशी बोलतच नाही. ते गंगेबद्दल रोमशी बोलते. एकाच संघाच्या छायेत, अवघ्या ३५ वर्षांच्या अंतराने घडलेल्या या दोन कृतींतला भेद श्रोत्याचा भेद आहे.

आता लिंगाचा प्रश्न. लॅटिनमध्ये नद्यांची नावे बहुधा पुल्लिंगी असतात आणि ग्रीक-रोमन शिल्पपरंपरेत नदीदेवता हा पुरुषच असतो. त्यामुळे गंगेला दाढी देण्यात अवहेलना शोधणे हे समीक्षेचे काम नव्हे. आपल्याकडेही शोण आणि ब्रह्मपुत्र हे ‘नद’ आहेत, आणि सागर तर पुरुषच आहे. उदयगिरीच्या पाचव्या क्रमांकाच्या लेण्यात, गुप्तकाळातील वराहपटाच्या कडेला, मकरारूढ गंगा आणि कूर्मारूढ यमुना यांचे प्रवाह एकत्र येऊन पाण्यात उभ्या असलेल्या पुरुषरूपी वरुणाला मिळताना दाखवले आहेत. भेद स्त्री-पुरुषाचा आहे त्याहून अधिक तो नदी बसलेली आहे की चाललेली, याचा आहे. वेरूळच्या २१ क्रमांकाच्या रामेश्वर लेण्याबाहेरची गंगा मकरावर उभी आहे आणि तिच्या कमरेतील बाकातून तिची चाल कळते. घारापुरीच्या गंगाधरशिल्पात शिवाच्या मस्तकावर तीन मुखांची स्त्रीआकृती उतरते. तेथे तर नदीची व्याख्याच अवतरण ही आहे. ती कोठून तरी येते, कोणासाठी तरी येते, आणि कोणी तरी तिला झेलावी लागते. बेर्नीनीचा गंगापुरुष कोठून येत नाही आणि कोठे जातही नाही. तो आपल्या खंडाच्या जागी नेमून दिलेला आहे.

नकाशावरची ही नेमणूक मराठी मनाला अधिकच परकी वाटते, कारण मराठीत गंगा ही एका जागी राहणारी गोष्टच नाही. गोदावरी ही दक्षिणगंगा, नाशिकचा माणूस नदीवर जातो तो ‘गंगेवर’ जातो, आणि घरातल्या आंघोळीच्या पाण्यातही गंगेचे नाव घेतले जाते. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचे पाणी एकत्र होऊन गोमुखातून कुंडात पडते. हेही एका अर्थी नद्यांचे कारंजेच म्हणता येईल : नद्यांची नावे, एक उगम, दगडातून पडणारी धार. पण तेथे नद्यांना वेगवेगळी शरीरे देऊन त्यांच्या सीमा आखण्याची कोणाला गरज वाटलेली नाही. कोणते पाणी कोणत्या नदीचे हे विचारणे तेथे निरर्थक ठरते.

याचा अर्थ नदीकडे संपत्ती म्हणून पाहणे हा केवळ पाश्चात्त्य दृष्टीचा दोष आहे असे मात्र नव्हे. यात्रेहून आणलेल्या गंगेच्या पाण्याचे भांडे ती गंगाजळी, आणि शिल्लक टाकलेला निधी तीही गंगाजळीच. परकीय चलनाच्या साठ्यालाही मराठी वर्तमानपत्रे हाच शब्द लावतात. प्लाताच्या पायाशी पडलेली नाणी आणि आपला हा शब्द एकमेकांपासून वाटतात तितके दूर नाहीत.

तुलनेचा आणखी एक धागा रचनेतच आहे. बायबलमधील एदेन बागेतून चार नद्या निघतात. त्यांपैकी पीशोन म्हणजे गंगा आणि गीहोन म्हणजे नाईल, हे समीकरण पहिल्या शतकातील यहुदी इतिहासकार जोसिफस याने मांडले आणि ख्रिस्ती भाष्यकारांमध्ये ते रूढ झाले. म्हणजे या कारंज्यावरील दोन नद्या भूगोलातल्या आहेत तशाच स्वर्गातल्याही आहेत. विष्णुपुराणात गंगा मेरूच्या माथ्यावर ब्रह्मदेवाच्या नगरीत उतरते आणि सीता, अलकनंदा, चक्षु व भद्रा अशा चार प्रवाहांनी चार दिशांना जाते. मधोमध पर्वत, वरून येणारे दिव्य तत्त्व, चार दिशांना चार नद्या : दोन्हींचा आराखडा आश्चर्यकारक जवळचा आहे. यावरून देवाणघेवाण सिद्ध होत नाही, आणि तसा दावा करण्याचा मोह टाळलेलाच बरा. मात्र साम्यामुळे भेद ठळक होतो. पुराणात चारही प्रवाह एकाच गंगेचे आहेत. रोममध्ये चारांतील एक गंगा आहे. तेथे ती मूळ आहे, येथे ती हिस्सा आहे.

तिसरे रूप त्याच वर्षांत यमुनेकाठी घडत होते. १६३२ पासून आग्र्याला ताजमहालाचे काम चालू होते, आणि त्याच्या चारबागेत मधल्या उंच हौदापासून चार पाट चार दिशांना जातात. स्वर्गातील चार नद्यांच्या कल्पनेशी चारबागेचे नाते सामान्यतः मान्य आहे. तेथे नदीला देह नाही, फक्त दिशा आणि पाणी आहे. नावोनातील कारंजे खुले झाले तेव्हा खरी गंगा शाहजहानच्या राज्यातून वाहत होती. नाईल आणि डॅन्यूबचा खालचा प्रदेश उस्मानी तुर्कांकडे होता. चार नद्यांपैकी पोपला मानणाऱ्या राजांच्या ताब्यात पूर्णपणे होता तो केवळ प्लाताचा काठ. कारंज्याचे काम सुरू झाले त्याच १६४८ साली वेस्टफालियाच्या तहाने खुद्द युरोपात पोपचा राजकीय शब्द निष्प्रभ झाला. इनोसंटने तहाचा निषेध केला आणि राजांनी तो मनावर घेतला नाही. चार खंडांवर पसरलेल्या सत्तेचे हे चित्र अशा वेळी काढलेले आहे. त्याला विजयस्मारक म्हणणाऱ्यांनी हे वर्ष पाहावे.

किंमत मात्र खरी होती, आणि ती रोमच्या सामान्य माणसाने मोजली. धान्याच्या टंचाईच्या त्या वर्षांत ऑबेलिस्क आणि कारंज्याच्या खर्चासाठी पावासारख्या रोजच्या वस्तूंवर कर बसवण्यात आला. कामासाठी आणून टाकलेल्या दगडांवर रात्री निनावी चिठ्ठ्या चिकटवल्या गेल्या. स्तंभ आणि कारंजी नकोत, पाव हवा, हा त्यांचा आशय. कलेच्या इतिहासात ही गोष्ट रंजक तळटीप म्हणून येते. ती तळटीप नाही. सृष्टीच्या चार दिशांचे दान एका घराण्याच्या कबुतराखाली वाहत असल्याचे जे शिल्प सांगते, त्याच्याच पायाशी त्या दानाची दुसरी बाजू लिहिलेली होती. काशीची कावड रामेश्वराला नेताना तहानेल्या गाढवाला ती पाजणाऱ्या एकनाथांची कथा ज्या भाषेत लहानपणीच ऐकली जाते, त्या भाषेच्या वाचकाला या चिठ्ठ्या ओलांडून केवळ रेषा आणि वळणांचे कौतुक करणे जड जावे. आणि तरीही खडकाखालची ती मोकळी जागा पाहिल्यावर कौतुक आवरतही नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकीने दुसरी फिटत नाही.

म्हणूनच या कृतीची प्रत ठरवताना तिचे दोन थर वेगळे करावे लागतात. वरचा थर सांगीव आहे : कबुतर, मुद्रा, नाणी, वल्हे. त्यातील प्रत्येक चिन्ह एका वाक्यात उलगडते आणि तेथेच संपते. गंगापुरुष हे या थराचे सर्वांत दुबळे टोक होय, कारण तेथे चिन्हाची चिठ्ठी तेवढी आहे, आणि तीही दुसऱ्याच्या नावाची. खालचा थर खडक, पोकळी, वारा आणि पाण्याचा आहे. तेथे काहीही नेमून दिलेले नाही. सिंह कोणत्या खंडाचा हे विसरून तो पाणी पिताना पाहता येतो. पोपच्या सत्तेसाठी उभारलेला स्तंभ पोकळीवर उभा आहे. ही टीका बेर्नीनीला अभिप्रेत नसावी, पण त्याच्या हाताने ती कोरली गेली.

कारंजे पुरे झाल्यानंतर लवकरच चौकात एक प्रथा सुरू झाली आणि ती एकोणिसाव्या शतकापर्यंत चालली. ऑगस्टच्या उन्हाळ्यात, आठवड्याच्या अखेरीस, कारंज्यांच्या मोऱ्या बुजवून पाणी बाहेर सोडले जाई आणि खोलगट चौकाचे तळे होई. सरदारांच्या बग्ग्या त्यातून फिरत, आणि बाकीचे रोमकर गारवा घ्यायला भोवती जमत. अठराव्या शतकातील चित्रांत हा देखावा आढळतो : मध्यभागी खडक, त्याच्या चहूबाजूंना पाणी, पाण्यात गाड्या, घोडे, माणसे. एरवी हौदाच्या काठात बंद असलेल्या त्या चार नद्या अशा दिवशी चौकभर पसरत, आणि गंगापुरुषाच्या हातातील वल्ह्याला अवघे काही तास का होईना, समोर एक वाहते पाणी मिळे.